दोनशे मिलिसेकंदांची पृथ्वीप्रदक्षिणा

एका सेकंदाचे हजार तुकडे करा आणि त्यातला एकच उचला. हा झाला मिलिसेकंद. एवढ्याशा वेळात काचेच्या तंतूतला प्रकाश किती धावतो? दोनशे किलोमीटर! मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा आहे. डेक्कन क्वीन मुंबईहून सुटते, कर्जतला मागून इंजिन जोडून घेते, बोरघाट चढते आणि तीन तासांहून जास्त वेळाने पुण्याला टेकते. प्रकाशाला तेवढ्यासाठी सेकंदाचा हजारावा हिस्सासुद्धा लागत नाही. मिलिसेकंद संपतो तेव्हा तो पुणे स्टेशन ओलांडून आठ किलोमीटर पुढे गेलेला असतो.

आपल्या वऱ्हाडाच्या मापात सांगायचं तर जुनी शकुंतला रेल्वे घ्या. यवतमाळ ते मुर्तिजापूर ११३ किलोमीटर, मुर्तिजापूर ते अचलपूर ७६, एकूण १८९. पुन्हा एक मिलिसेकंदच! शकुंतलेची चाल ताशी वीस किलोमीटर धरा. काचेतल्या प्रकाशाची चाल ताशी ७२ कोटी किलोमीटर. शकुंतलेची एक खेप पुरी होईस्तोवर प्रकाशाच्या तीन कोटी साठ लाख खेपा होतात, राजेहो!

ही फूटपट्टी हातात घट्ट धरा. एक मिलिसेकंद, एक मुंबई-पुणे. आता अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या घरात बसून आपल्याला अख्खं जग मोजायचं आहे.

मोजायचं साधन फुकट आहे. त्याचं नाव पिंग. माइक मूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी बसून सुमारे हजार ओळींत ते लिहिलं. संगणकावरची काळी खिडकी उघडायची, पिंग हा शब्द आणि पुढे दूरच्या सर्व्हरचं नाव लिहायचं, एंटर दाबायचं. एक छोटंसं पॅकेट घरातून निघतं, त्या सर्व्हरला शिवतं आणि परत येतं. विंडोजवर त्यात ३२ बाइटचा मजकूर असतो, इंग्रजीत एखादा पत्ता लिहावा तेवढा. जाऊन येऊन किती मिलिसेकंद लागले ते समोर उमटतं. याच वेळेला लेटन्सी म्हणतात आणि गेम खेळणारी पोरं तिलाच सरळ पिंग म्हणतात.

पहिला मुक्काम मुंबई. अमरावतीहून रेल्वेने सुमारे ६७० किलोमीटर. अंबा एक्स्प्रेस संध्याकाळी निघते, रात्रभर धावते आणि सकाळी मुंबईत शिरते, साधारण अकरा तासांत. प्रकाशाला हेच अंतर जायला साडेतीन मिलिसेकंदही लागत नाहीत. जाऊन येऊन सुमारे सात. तुम्ही अंबामध्ये डबा उघडता, जेवता, झोपता, कल्याणला जागे होता, आणि तेवढ्यात प्रकाशाचे अमरावती-मुंबई हेलपाटे साठ लाखांच्या घरात गेलेले असतात!

पडद्यावर मात्र सात दिसत नाही. चांगल्या फायबर जोडणीवर साधारण वीस ते तीस दिसतात. तार रुळासारखी सरळ जात नाही. ती रस्त्याच्या कडेने वळणं घेत जाते, गावोगावच्या यंत्रांत शिरते, तिथे पॅकेटचा पत्ता वाचला जातो, मग ते पुढच्या तारेवर चढवलं जातं. प्रत्येक थांब्याला थोडा थोडा वेळ जातो.

खरी गंमत अमरावती ते अकोला या प्रवासात आहे. रस्ता जेमतेम शंभर किलोमीटरचा. प्रकाशाला जाऊन येऊन एक मिलिसेकंद. पण अमरावतीच्या घरात एका कंपनीचं इंटरनेट आणि अकोल्याच्या घरात दुसऱ्या कंपनीचं असेल, तर या दोन कंपन्यांच्या तारा बऱ्याचदा थेट मुंबईतच एकमेकींना भेटतात. म्हणजे अमरावतीच्या काकांनी अकोल्याच्या पुतण्याला पाठवलेलं पॅकेट आधी मुर्तिजापूर, अकोला, शेगाव, भुसावळ करत मुंबईला जातं आणि तिथून मागे फिरून अकोल्याला येतं. जाताना सुमारे ६७०, परत फिरून सुमारे ५८४, एका बाजूचे १,२५० किलोमीटर. उत्तर येईपर्यंत २,५००. शेजारच्या जिल्ह्याला हाक मारायला तेरा मुंबई-पुणे! आणि तरीही निव्वळ धावण्याचा वेळ साडेबारा मिलिसेकंद. काकांना पत्ताही लागत नाही की त्यांचं पॅकेट दादरला जाऊन आलं.

याच अमरावती-अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये जगाचा एक विक्रम झाला. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एका मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत पुरं झालं आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या दोहाचा होता, जेमतेम २५ किलोमीटरचा. आता त्या १०५ तास ३३ मिनिटांचे मिलिसेकंद करून पाहा. अडतीस कोटी! ७५ किलोमीटर पार करायला प्रकाशाला लागतो एका मिलिसेकंदाच्या आठ भागांतले तीन भाग. शेकडो माणसं रात्रंदिवस उन्हातान्हात राबून हा विक्रमी रस्ता बांधत होती, तेवढ्या वेळात प्रकाश त्या रस्त्याच्या या टोकाहून त्या टोकाला शंभर कोटींहून जास्त वेळा गेला असता. शंभर कोटी!

इथवर आपण जमिनीवर होतो. मुंबईच्या पुढे समुद्र लागतो.

वर्सोव्याच्या किनाऱ्याखालून ज्या केबल बाहेर पडतात त्या खोल समुद्रात अंगठ्याएवढ्या जाड असतात. सगळा दिमाख आतल्या काचेचा. एक तंतू मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढा, आणि त्यातही प्रकाश धावतो तो मधला गाभा एवढा बारीक की असे शंभर गाभे शेजारी शेजारी ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. या गाभ्यातून तुमचे व्हिडिओ कॉल, बँकेचे व्यवहार, परीक्षेचे फॉर्म, सगळं जातं. दर साठ ते शंभर किलोमीटरवर समुद्राच्या तळाशीच प्रकाशाला पुन्हा जोर देणारी यंत्रं बसवलेली असतात.

किती खोल? आपल्याकडची पन्नास फुटी विहीर घ्या. तशा दोनशे विहिरी एकीच्या तळाला दुसरी अशा खणत जा. दहा हजार फूट झाले. अरबी समुद्रात केबल याहूनही खोल उतरते. वर दोनशे विहिरींचं पाणी, तेही खाऱ्या पट्ट्यातल्या विहिरींपेक्षा कितीतरी खारट, आणि खाली अंधारात केसाएवढ्या काचेतून अमरावतीचं पॅकेट लंडनकडे धावतंय!

सी-मी-वी ४ या केबलची लांबी सुमारे १८,८०० किलोमीटर. सिंगापूरपासून फ्रान्समधल्या मार्सेयपर्यंत, वाटेत मुंबईला टेकून. रुळांच्या हिशेबात ९८ मुंबई-पुणे. प्रकाश हे सगळं अंतर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत संपवतो.

वऱ्हाडाला मात्र दूरच्या हाकेची सवय फार जुनी आहे. १८७० साली ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन समुद्री तारेची केबल अंथरली. त्याच वर्षी खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले, कारण लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. सुएझ कालवा वर्षभरापूर्वीच, १८६९ मध्ये उघडला होता. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने कापूस मागवायचा, गाठी खामगावहून रेल्वेने मुंबईला यायच्या, तिथून आगबोटीने लिव्हरपूलच्या धक्क्यावर लागायच्या. मागणीपासून माल हातात पडेपर्यंत सहा आठवडे, आणि त्या काळी जगाने हा वेग पाहून तोंडात बोटं घातली.

मला हा खामगावचा पहिला पिंग वाटतो. तिकडून प्रश्न आला, इकडून कापसाची गाठ उत्तर म्हणून गेली. सहा आठवडे म्हणजे जवळपास ३६३ कोटी मिलिसेकंद. आज खामगावच्या घरातून लिव्हरपूलच्या सर्व्हरला पिंग करा, साधारण १४० मिलिसेकंदांत उत्तर येतं. कापसाच्या एका उत्तराच्या वेळात आज अडीच कोटींहून जास्त उत्तरं येतील. तारेने सातासमुद्रापलीकडचा भाव विचारणाऱ्या आपल्या पणज्याला हा आकडा सांगता आला असता तर किती बरं झालं असतं!

आता दूरचे सर्व्हर एकेक करून घेऊ. सिंगापूर साधारण ऐंशी ते नव्वद. लंडन १४० च्या आसपास. सिडनी १७५ च्या आगेमागे. आणि अमेरिकेचं व्हर्जिनिया, जिथे जगातली सगळ्यात मोठी डेटा सेंटरांची वस्ती आहे, ते २१० च्या घरात. या आकड्यावर जरा थांबा. दोनशे मिलिसेकंदांत काचेतला प्रकाश किती धावू शकतो? दोनशे गुणिले दोनशे. चाळीस हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर किती? चाळीस हजार किलोमीटर! बडनेरा रोडवरच्या एखाद्या घरात मुलगी एंटर दाबते आणि बोट कळीवरून पुरतं उचलायच्या आत तिच्या पॅकेटला एका पृथ्वीप्रदक्षिणेचा वेळ मिळालेला असतो. आणि या वेळातला बराच मोठा हिस्सा ते खरोखर धावत असतं, कारण केबल सरळ रेषेत जात नाही. लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, युरोप, अटलांटिक असा वळसा घेत ती जाते.

हा वळसा तुटला की काय होतं तेही आकड्यांतच दिसतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताचं इंटरनेट कासवाच्या गतीने चालू लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात पुन्हा तसंच झालं. अशा वेळी पॅकेट पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडून जातात. जेद्दाजवळ समुद्राच्या तळाशी तार तुटते आणि अकोल्यातल्या पडद्यावरचा आकडा फुगतो!

दूरचा सर्व्हर निवडताना एक फसगत टाळा. पुष्कळ जण ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता वापरतात, २५ मिलिसेकंद दिसले की खूश होतात आणि म्हणतात, अमेरिका २५ वर आली. ते शक्यच नाही! मुंबई ते कॅलिफोर्निया सरळ रेषेत जाऊन येऊन २७,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाला काचेतून किमान १३५ मिलिसेकंद हवेतच. त्यापेक्षा लवकर उत्तर आलं तर ते कॅलिफोर्नियातून आलेलं नाही. एकच पत्ता जगभरच्या शेकडो यंत्रांना दिलेला असतो आणि तुम्हाला जवळचं यंत्र उत्तर देतं. म्हणून ज्याचं शहर पक्कं ठाऊक आहे असाच सर्व्हर घ्या. वेग तपासणाऱ्या ॲपमध्ये शहर निवडता येतं, तेही चालतं. आणि एकाच शहरातले दोन घ्या, कारण काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत किंवा सवडीने देतात.

आकडे डोक्यात नीट बसावेत म्हणून मिलिसेकंदाला एक रुपया भाव लावू. मुंबईची फेरी २५ रुपये. लंडन १४०. व्हर्जिनिया २१०. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच फिरणाऱ्या उपग्रहावरून इंटरनेट घेतलं तर काचेबाहेर जास्त वेगाने धावणाऱ्या नुसत्या प्रकाशाचेच ४७७ रुपये, प्रत्यक्षात सहाशेच्या आसपास. चंद्रावर जाऊन यायला २,५६० रुपये. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं त्या दिवशी संदेश जायलाच बारा मिनिटांहून जास्त लागत होते, म्हणजे फेरीचे झाले जवळपास पंधरा लाख. आणि १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर १? एका बाजूलाच तेवीस तासांच्या वर. त्याला हाक मारून उत्तर ऐकायचं तर साडेसोळा कोटींहून जास्त रुपये! आणि या माळेत बडनेऱ्याच्या मुलीची पृथ्वीप्रदक्षिणा दोनशे रुपयांत होते, दोन माणसांच्या जेवणाच्या पैशात.

आता या हिशेबाचं खरं काम. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांतली मुलं पुण्यात आहेत, बंगळुरात आहेत, न्यू जर्सीत आणि टेक्सासात आहेत. रात्री व्हिडिओ कॉल लागतो, आई बोलते, मुलगा गप्प, मग दोघंही एकदम बोलतात, मग दोघंही थांबतात. सगळे म्हणतात, अमेरिका लांब आहे, असं व्हायचंच. खरंच तसं आहे का? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते की बोलणं सुरळीत वाटायला आवाज एका बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला पाहिजे. आपली व्हर्जिनियाची फेरी २१०, तर एका बाजूचे १०५. खिशात दीडशे रुपये, भाडं एकशे पाच. पंचेचाळीस शिल्लक! टेक्साससाठी शिल्लक थोडी कमी राहील, पण अंतराने बोलणं बिघडवावं इतकी ती आटत नाही.

मग वेळ जातो कुठे? घरात.

बैठकीच्या खोलीतल्या राउटरकडे पाहा. भिंतीतून आलेली पिवळी बारीक वायर, टोकाला हिरवी पिन, वर लुकलुकणारे दिवे. बाहेर अपलोड समजा दहा एमबीपीएस आहे. एक भरलेलं पॅकेट १,५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिट. ते तारेवर चढायला लागतात १.२ मिलिसेकंद. त्याच वेळी आतल्या खोलीत कुणाचा तरी फोन लग्नाचा व्हिडिओ क्लाउडवर चढवतोय. त्याची पॅकेट्स राउटरमध्ये रांग लावून उभी आहेत. आईच्या आवाजाचं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी. पुढचं प्रत्येक पॅकेट १.२ मिलिसेकंद खातं, आणि १.२ मिलिसेकंदांत प्रकाश २४० किलोमीटर गेला असता. म्हणजे रांगेतल्या एकेका पॅकेटमागे अमेरिका २४० किलोमीटर आणखी लांब सरकते! रांगेत अडीचशे पॅकेट्स असली, आणि साध्या राउटरमध्ये एवढी सहज साठतात, तर तीनशे मिलिसेकंद. साठ हजार किलोमीटर. पृथ्वीची दीड प्रदक्षिणा, आणि आईचा आवाज अजून राउटरच्या डब्यातच! समुद्र, इजिप्त, अटलांटिक हे सगळं मिळून १०५ आणि घरातली राउटरमधली रांग ३००. दोनशे विहिरींखालून गेलेली तार निर्दोष आहे. जगातलं सगळ्यात मोठं अंतर आपल्या बैठकीत आहे.

हे पडद्यावर उघडं दिसतं. घर शांत असताना व्हर्जिनियाच्या ओळी येतात : २११, २१२, २११, २१२. एकीमागे एक, जणू घड्याळ. व्हिडिओ चढवायला लावा. ओळी बदलतात : २४०, ३६५, ४८८, ५१२. अपलोड थांबवा, काही क्षणांत पुन्हा २११. दूरचा सर्व्हर म्हणूनच उपयोगाचा आहे. त्याचं अंतर बदलत नाही, त्यामुळे आकडा डळमळला की काहीतरी मध्ये शिरलंय हे कळतं. कुठे शिरलंय हे कळायला मात्र एकट्या व्हर्जिनियाने भागत नाही. राउटर, मुंबई आणि व्हर्जिनिया, तिघांना एकाच वेळी पिंग करा, सेकंदाला एकदा पुरे, सर्व्हरवर उगाच मारा नको.

राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि त्याचं उत्तर एक ते पाच मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच पन्नास-शंभर दिसले तर दोष वाय-फायचा : जाड भिंती किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी. संगणक वायरने जोडा, आकडा तिथल्या तिथे खाली येईल. राउटर शांत, पण अपलोड चालू असतानाच मुंबई फुगते, तर ती आपल्या दाराशी लागलेली रांग. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची सोय असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली बांधा. घर शांत असूनही रोज रात्री मुंबई वीसवरून ऐंशीवर जाते, तर गर्दी कंपनीच्या तारेवर आहे. मुंबई शांत आणि फक्त व्हर्जिनिया डळमळते, तर भानगड समुद्रात किंवा पलीकडे. तेव्हा घरातलं काही उपटू नका, वाट पाहा.

आज रात्री नऊ-साडेनऊला, एकदा घरातले सगळे फोन चालू असताना आणि एकदा ते शांत करून, हे तीन आकडे कागदावर लिहून घ्या. पहाटे घर झोपेत असताना तेच तीन पुन्हा लिहा. राउटरचा आकडा बिघडला तर दुरुस्ती तुमच्या हातात आहे. मुंबईचा बिघडला आणि घर शांत होतं, तर वेळ आणि आकडे लिहिलेला तोच कागद घेऊन कंपनीकडे तक्रार करा. ‘नेट स्लो आहे’ असं म्हणणाऱ्याला राउटर बंद करून चालू करा एवढंच सांगितलं जातं. ‘रात्री साडेनऊला मुंबई ऐंशी, पहाटे बावीस’ असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.